रोजच्या कामाला आणि थोड्या गेमिंगला स्वस्तातला लॅपटॉप, नक्की बघायचं काय?

आळशी_कीबोर्ड

नमस्कार मंडळी, नवीन लॅपटॉप घ्यायचाय. बजेट टाईट आहे, म्हणजे गेमिंग लॅपटॉप म्हणून जे विकतात त्यातली सगळ्यात खालची पायरी कशीबशी जमेल, त्याच्या वर नाही. दिवसभराचं काम साधंच, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, एक्सेल, व्हिडिओ कॉल, थोडंफार फोटो एडिटिंग, आणि संध्याकाळी गेम्स. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ रोजचे, जीटीए ५ अधूनमधून, आणि एखादा नवा मोठा गेम आला तर तो लो-मिडियमवर का होईना पण चालावा एवढीच अपेक्षा.

प्रॉब्लेम असा की जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. ग्राफिक्स कार्ड तेच, पण एका लॅपटॉपच्या रिव्ह्यूमध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) मस्त आणि दुसऱ्याच्या रिव्ह्यूमध्ये तोच गेम रडतोय. प्रोसेसरच्या नावांचं तर विचारूच नका, ७५२० काय, ७५३५ काय, १२४५० काय. कोणी म्हणतं १६ जीबी रॅम हवीच, कोणी म्हणतं ८ घे, नंतर वाढव. कशाकडे बघायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं ते कोणी सरळ सांगेल का? ब्रँडवरून भांडणं नकोत प्लीज, ती सगळी वाचून झालीयत.

तापट_पंखा

भाऊ, तेच कार्ड असून एफपीएस वेगळे का, याचं उत्तर एका शब्दात, वॉट. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाला किती वीज घ्यायची परवानगी आहे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, त्याला टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ४०५० घे उदाहरण म्हणून. एनव्हिडियाने त्याची रेंजच ३५ ते ११५ वॉट अशी दिलीय. म्हणजे एका पातळ, दिसायला छान लॅपटॉपमध्ये तेच कार्ड ४५ वॉटवर बसवलेलं असू शकतं आणि दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपमध्ये ९५ वर, आणि खोक्यावर दोन्हीकडे स्टिकर एकच. इंजिन तेच पण पेट्रोलची नळी बारीक, असला प्रकार आहे. पूर्वी निदान कमी वॉटच्या कार्डाला मॅक्स-क्यू असं वेगळं नाव तरी असायचं, २०२१ मध्ये लॅपटॉपमध्ये ३० सिरीज आली तेव्हापासून ते नावही गेलं, आता स्पेक शीट उघडून आकडा शोधावा लागतो. आणि बऱ्याच दुकानांच्या पानावर तो आकडा नसतोच, मग कंपनीच्या साईटवर त्या नेमक्या मॉडेल नंबरचं पान काढायचं. तिथेही नसेल तर मी तो लॅपटॉप यादीतून काढून टाकतो, लपवण्यासारखं काही नसतं तर लिहिलं असतं.

अजून एक सोपा अंदाज सांगतो, चार्जर बघायचा. ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपसोबत १२० किंवा १३५ वॉटचा चार्जर असेल तर समजायचं की कार्डाला फार काही मिळणार नाहीये, १८०-२०० च्या पुढचा असेल तर बरं. हा काही पक्का नियम नाही पण पटकन चाळणी लावायला बरा पडतो.

सरळसोट

दरवेळी हेच. स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप ही गोष्टच नसते. तेवढ्यात डेस्कटॉप बांधा, कार्ड मोठं बसेल, आवाज कमी, तापणं कमी, पाच वर्षांनी नुसतं कार्ड बदललं की झालं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मदरबोर्डला सोल्डर, एक गेलं की सगळंच गेलं. कामासाठी एखादा जुना साधा लॅपटॉप ठेवा वेगळा. बास.

आळशी_कीबोर्ड

@तापट_पंखा भाऊ नाही हो, ताई :) पण वॉटचं कळलं, खरंच कळलं, ज्या दोन रिव्ह्यूमुळे डोकं फिरलं होतं ते उघडून बघितले तर एकात ५० आणि एकात ९५ लिहिलंय, खाली बारीक अक्षरात.

@सरळसोट तुमचं पटतंय पण डेस्कटॉप नाही जमणार. राहायची जागा बदलत असते आणि दिवसा लॅपटॉप पाठीवर असतो. दोन मशिन सांभाळायची तर अजिबात तयारी नाही.

सध्या दोन ऑप्शन काढलेत, किंमत जवळपास सारखी. पहिला, रायझन ७ ७४३५एचएस, आरटीएक्स ४०५० ९५ वॉट, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुसरा, इंटेल आय५ १२४५०एच, आरटीएक्स ३०५० ६ जीबीवाला, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. माझ्या अडाणी डोळ्यांना पहिला सरळ सरळ भारी वाटतोय, रायझन ७, कार्ड मोठं, रॅम दुप्पट. मग त्याच किमतीला कसा काय देतात? कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय.

अर्धा_वॉट

ताई, पाणी मुरतंय आणि कुठे मुरतंय तेही सांगतो. ७४३५एचएस मध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स नाही. म्हणजे प्रोसेसरच्या आत जे छोटं ग्राफिक्स असतं, जे एरवी ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ वगैरे फुकटात चालवतं, तेच या चिपमध्ये बंद केलेलं आहे. त्यामुळे नोटपॅड उघडलं तरी स्क्रीनवर चित्र काढायचं काम आरटीएक्स करणार. साध्या गेमिंग लॅपटॉपमध्ये काय होतं, गेम नसेल तेव्हा मोठं कार्ड झोपतं आणि छोटं ग्राफिक्स काम बघतं, विजेची बचत होते. इथे मोठ्या कार्डाला झोपच नाही.

हिशोब करून बघ. या वर्गात बॅटरी साधारण ५० वॉट-अवरच्या आसपासची देतात. साध्या कामात लॅपटॉप १० वॉट खात असेल तर ५ तास निघाले, तेच मोठं कार्ड जागं असल्यामुळे २० वॉट खाल्ले तर अडीच तास, आणि हा हिशोब बॅटरी नवीकोरी असतानाचा. ७२३५एचएस हा त्याचाच धाकटा भाऊ, ४ कोअरवाला, त्यातही ग्राफिक्स नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये हे दोन्ही आजकाल खूप दिसतात.

बाकी चिप वाईट नाहीये हं. ८ कोअर, १६ थ्रेड, झेन ३ प्लस (झेन म्हणजे एएमडीच्या रायझनची पिढी), गेमिंगला अजूनही चांगली. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही त्याने डोळे झाकून घ्यावी. उलट एक फायदाही आहे, चित्र मधल्या ग्राफिक्सच्या वाटेने फिरून येत नाही, सरळ मोठ्या कार्डातून स्क्रीनवर जातं, तर व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये एफपीएस जरा जास्तच मिळतात. पण तू म्हणतेस दिवसा पाठीवर असतो, म्हणून सांगितलं.

रात्रपाळी_गेमर

गेमिंग लॅपटॉपच्या बॅटरीचं काय घेऊन बसलात राव. कुठलाही घ्या, चार्जरशिवाय गेम नीट चालतच नाही, बॅटरीवर कार्डाची पॉवर आपोआप कापली जाते, एवढी वीज बॅटरीतून ओढताच येत नाही. माझं मत ४०५० ला. ३०५० आणि ४०५० मध्ये बराच फरक आहे, आणि ४०५० ला डीएलएसएसचं (एनव्हिडियाचं एफपीएस वाढवायचं तंत्र) फ्रेम जनरेशन मिळतं, ते ३० सिरीजला नाही. नवीन गेम खेळायचेत म्हणताय ना?

अर्धा_वॉट

@रात्रपाळी_गेमर गेमिंगबद्दल बोलतच नव्हतो मी, तिच्या दिवसाच्या कामाबद्दल बोलत होतो. आणि फ्रेम जनरेशनचं जे कौतुक चाललंय त्याबद्दल एक, ती फ्रेम गेमने बनवलेली नसते, दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्डाने घुसवलेली असते. मुळात ६० च्या आसपास एफपीएस येत असतील तर चित्र अजून गुळगुळीत दिसतं, पण मुळात २५ येत असतील तर आकडा ४५ दिसेल आणि माउस हलवल्यावर वाटणार २५ सारखंच, किंबहुना जरा जास्तच जड. शिवाय ते चालवायला व्हीरॅमही (कार्डाची स्वतःची मेमरी) लागते, आणि ६ जीबीमध्ये आधीच ओढाताण. कार्ड ४०५० च चांगलं, त्यात वाद नाही, पण या कारणासाठी नाही.

रॅमवाली_मावशी

मी जरा रॅमबद्दल लिहिते कारण त्यावर कोणी बोललंच नाही आणि लोक तिथेच फसतात.

८ घे, नंतर वाढव, हा सल्ला चुकीचा नाही पण अर्धवट आहे. वाढवता येते का ते आधी बघायचं. ज्या लॅपटॉपच्या स्पेकमध्ये एलपीडीडीआर५ किंवा एलपीडीडीआर४एक्स लिहिलेलं असतं त्यात रॅम बोर्डावर सोल्डर असते, जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत, खाली मोकळी जागा वगैरे काही नसते. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा स्लॉट असतो, पण काहींमध्ये एक सोल्डर आणि एक स्लॉट असंही असतं. म्हणून सरळ विचारायचं, स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती.

दुसरं म्हणजे ८ ची एकच कांडी असेल तर सिंगल चॅनल चालतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता निम्मा रुंद. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक हे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, तिथे सिंगल चॅनलमध्ये सरासरी एफपीएसपेक्षा मधेच अडखळणं जास्त जाणवतं, नेमकं समोर कोणी आलं की फ्रेम ड्रॉप. दोन कांड्या टाकल्या की हे बऱ्यापैकी जातं. आणि ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्डच नाही, सगळं इंटिग्रेटेडवर आहे, तिथे तर हा फरक फारच मोठा, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. इंटेलचं आयरिस एक्सई तर सिंगल चॅनलवर असलं की विंडोजमध्ये स्वतःचं नावसुद्धा आयरिस एक्सई सांगत नाही, नुसतं यूएचडी दिसतं.

म्हणून माझं मत, दोन स्लॉट असलेला आणि एकात ८ असलेला लॅपटॉप घेतला तरी चालेल, दुसरी ८ ची कांडी टाकायची, मागचे स्क्रू काढून दहा मिनिटांचं काम. पण त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या, कुठे कुठे मागचं झाकण उघडल्यावर कटकट करतात. आणि १६ च्या खाली राहू नका. वीस टॅब, कॉल आणि मागे गेमचा लाँचर एवढं उघडं असताना ८ मध्ये एसएसडीवर अदलाबदल सुरू होते, मग सगळंच रखडत चालतं.

जुना_गडी

एक वेगळा विचार. व्हॅलोरंट, सीएस आणि जीटीए ५ एवढंच खेळत असाल तर वेगळं कार्ड लागतंच कशाला? रायझन ७८४०एचएस किंवा ८८४५एचएस वाला बघा, त्यातलं रेडिऑन ७८०एम हे इंटिग्रेटेड असूनही १२ कंप्यूट युनिटचं (ग्राफिक्सचे कोअर म्हणा) आहे, दोन कांड्या रॅम असली की हे तिन्ही गेम १०८०पी मध्ये लो-मिडियमला छान चालतात. वजन कमी, चार्जर छोटा, टाईप-सी वर चार्ज होतो, बॅटरी दिवसभराच्या जवळ जाते. फक्त नीट बघून घ्या, रायझनच्या नावात पहिला आकडा ७ म्हणून नवीन असं काही नसतं, जनरेशन तिसऱ्या आकड्यात लपलेली असते. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना, आणि ग्राफिक्स नावापुरतं २ युनिटचं. ७५३०यू झेन ३. ७५३५एचएस सुद्धा ३, पण ती झेन ३ प्लस, शेवटी ५ आहे ना त्यावरून ओळखायची. ७८४०एचएस झेन ४. सगळे ७ हजारवालेच!

आळशी_कीबोर्ड

@जुना_गडी बापरे, हे तिसऱ्या आकड्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे दुकानात जो ७५२० ला लेटेस्ट जनरेशन म्हणत होता तो... जाऊ दे.

७८०एम वाला बघते, पण नवे मोठे गेम त्यावर नाही ना चालणार?

जुना_गडी

जुने मोठे चालतील रिझोल्यूशन कमी करून. अगदी नव्यांचं खरं सांगायचं तर तुम्हाला आवडणार नाही ते. आणि काही नवे गेम असे यायला लागलेत की हार्डवेअर रे-ट्रेसिंग (उजेड-सावल्यांचा हिशोब चिपनेच करणं) नसेल तर सुरूच होत नाहीत, ७८०एम मध्ये ते आहे पण नावाला. तुमच्या अपेक्षेत नवा गेम खरंच किती वेळा येतो ते तुम्हीच ठरवा. वर्षातून एखादा असेल तर त्यासाठी रोज अडीच किलो पाठीवर वागवायचं का, हा प्रश्न आहे.

तापट_पंखा

गडी म्हणतोय ते बरोबर आहे पण एक अडचण, ७८०एम वाले लॅपटॉप चांगल्या स्क्रीनसकट, पातळ, ॲल्युमिनियमचे असे येतात आणि त्यामुळे त्यांची किंमत बऱ्याचदा ४०५० वाल्या प्लास्टिकच्या डब्याएवढीच जाते. ऑफरमध्ये मिळाला तर सोनं, नाहीतर तेवढेच पैसे टाकून गेमिंग अर्धं मिळणार.

ताई, तुझ्या दोन ऑप्शनमध्ये अडकून राहू नकोस. तुला पाहिजे ते यांच्या मधलं आहे. कार्ड ४०५०, पण प्रोसेसर असा ज्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे. तोच १२४५०एच चालेल, १३४२०एच चालेल, रायझनमध्ये ७५३५एचएस चालेल, त्यात ६६०एम आहे. आय५ म्हणून नाक मुरडू नको. १२४५०एच मध्ये ४ मोठे कोअर आणि ४ छोटे, ४०५० ला तेवढं पुरतं. उलट आय७ १३५५यू असं काही दिसलं तर फसू नकोस, त्यात मोठे कोअर दोनच, १५ वॉटची चिप, आय७ चा स्टिकर लावून विकायला बरी. शेवटचं अक्षर आधी वाचायचं, एच का यू, मग आय५ का आय७ ते.

सरळसोट

डेस्कटॉप नाहीच म्हणताय तर निदान स्क्रीन तरी बघा. सगळे कार्ड कार्ड करताय आणि दिवसभर डोळे मात्र स्क्रीनवर असणार. या किमतीत १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते) मोठ्या अक्षरात लिहितात आणि बाजूला ४५% एनटीएससी बारीक अक्षरात. ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या, म्हणजे फोटो-वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या, साधारण ६०-६५ टक्केच रंग, लाल रंग विटकरी दिसतो, माणसांचे चेहरे आजारी. २५० निट्स ब्राइटनेस म्हणजे खिडकीपाशी बसलात की स्वतःचाच चेहरा बघा. फोटो एडिटिंग म्हणालात ना? त्या स्क्रीनवर रंग जुळवून पाठवलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर भलताच भडक दिसेल. १००% एसआरजीबी किंवा ७२% एनटीएससी लिहिलेला शोधा, ३०० निट्स तरी. आणि हर्ट्झ? १२० आणि १४४ मधला फरक शोधून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार.

रात्रपाळी_गेमर

६० आणि १४४ मधला फरक मात्र आंधळ्यालाही दिसतो. व्हॅलोरंट रोज खेळणाऱ्याला ६० हर्ट्झचा लॅपटॉप सुचवू नका कोणी, कार्ड २०० फ्रेम बनवेल आणि स्क्रीन दाखवणार ६०.

सरळसोट

६० कोण म्हणालं.

रॅमवाली_मावशी

भांडू नका रे :) फोटोसाठी नंतर एखादा बरा मॉनिटर जोडता येतो, एचडीएमआय असतंच सगळ्यांना. लॅपटॉपची स्क्रीन मात्र नंतर बदलत बसायची गोष्ट नाही. त्यामुळे सरळसोट यांचा मुद्दा मला रास्त वाटतो, दोनमधला एक निवडायचा असेल आणि बाकी सारखं असेल तर स्क्रीनवर ठरवा.

एसएसडीचं पण सांगते, ५१२ म्हणजे विंडोजमध्ये दिसणार ४७६, त्यात विंडोज आणि त्याचे अपडेट, मग काउंटर स्ट्राइक २ स्वतःच ८५ जीबी मागतो, जीटीए ५ शंभरच्या घरात, तेवढ्यात निम्मी भरलीच. १ टीबीसाठी आत्ता जास्त पैसे द्यायची गरज नाही, फक्त एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते बघा.

पहिलाच_लॅपटॉप

मधेच विचारतो, सॉरी. माझं बजेट यांच्यापेक्षाही कमी आहे, जुना वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेतला तर? जीटीएक्स १६५० वाले बरेच दिसतायत.

अर्धा_वॉट

@पहिलाच_लॅपटॉप घ्यायला हरकत नाही पण जरा खटपट करावी लागेल. आधी प्रोसेसर बघ, इंटेल ८व्या जनरेशनच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) चालू असावं लागतं, नाहीतर त्याचं अँटी-चीट गेम उघडूच देत नाही, त्यामुळे जुन्यावर काहीतरी जुगाड करून ११ टाकलं असेल तर हमखास अडकशील. लिनक्सवर तर व्हॅलोरंट नाहीच. १६५० वालेच लॅपटॉप बहुतेक ९व्या जनरेशनपासून पुढचे असल्यामुळे त्यात हे सगळं साधारण ठीक असतं. फक्त १६५० ला डीएलएसएस नाही, त्याच कामाचं एएमडीचं एफएसआर वापरावं लागेल, आणि ४ जीबी व्हीरॅममध्ये नव्या गेमचं स्वप्न बघू नको.

बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्यासमोर कमांड प्रॉम्प्ट उघड आणि पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट हे इंग्रजीत टाइप कर. एक फाईल बनते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. डिझाईन ५२ हजार मिलीवॉट-अवर आणि फुल चार्ज २६ हजार दिसलं तर बॅटरी अर्धी खलास, त्या हिशोबाने किंमत पाड. मग एखादा गेम अर्धा तास चालू ठेव, पंखा खरखरतो का, कीबोर्ड मधोमध चटका बसण्याइतका तापतो का, आणि पाच मिनिटांनी जेवढे एफपीएस होते तेवढेच अर्ध्या तासानंतर आहेत का ते बघ. हळूहळू कमी होत गेले तर आत धूळ नाहीतर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय, ते दुरुस्त होतं. बिजागरी मात्र नीट उघडझाक करून बघ, ती तुटलेली असेल तर सोड, तिच्या नादी लागू नको.

विकणारा म्हणाला चार्जर नाहीये, कुठलाही चालेल, तर तसाच परत ये.

पहिलाच_लॅपटॉप

धन्यवाद दादा, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आळशी_कीबोर्ड

बरं, तुमच्या सांगण्यावरून परत शोधलं. एक सापडलाय, आय५ १३४२०एच, ४०५० ७५ वॉट, रॅम १६ ची एकच कांडी डीडीआर५, दुसरा स्लॉट रिकामा, एसएसडीला दुसरा स्लॉट आहे. स्क्रीन १४४ हर्ट्झ, १००% एसआरजीबी, ३०० निट्स. बॅटरी ५७ वॉट-अवर. ७४३५एचएस वाल्यापेक्षा थोडा महाग पण ताणून बसतोय बजेटमध्ये. ७५ वॉट कमी आहे का? ९५ वाला सोडून ७५ वाला घेताना जीवावर येतंय.

तापट_पंखा

घे. ३५-४५ वॉट आणि ७५ वॉट यात जमीन-अस्मानाचा फरक, ७५ आणि ९५ यात तसा नाही, वरच्या टोकाला जास्त वीज ओतून एफपीएस फार वाढत नाहीत, फक्त पंखा वाढतो. आणि व्हॅलोरंट, सीएस मध्ये कार्ड पूर्ण वापरलंच जात नाही. दुसरी कांडी सावकाश टाक, १६ ची एकच असली तरी सुरुवातीला अडणार नाही, डीडीआर५ ला सिंगल चॅनलचा त्रास डीडीआर४ पेक्षा जरा कमीच होतो.

एक बघ फक्त, एमयूएक्स स्विच आहे का. तो असला की गेम खेळताना इंटिग्रेटेडला बाजूला करून थेट आरटीएक्सवर जाता येतं आणि दिवसा परत बचतीच्या मोडवर. ७४३५ मध्ये जो फायदा अर्धा_वॉट म्हणाला तो इथे हवा तेव्हा मिळतो आणि नको तेव्हा बंद.

आळशी_कीबोर्ड

आहे असं लिहिलंय, कंपनीच्याच ॲपमधून बदलायचा, दरवेळी रीस्टार्ट लागतो म्हणे. चालेल मला. ऑर्डर करतेय. आल्यावर पहिल्या दिवशी काय काय तपासू? परत करायची मुदत थोडीच असते.

रॅमवाली_मावशी

अभिनंदन! आधी विंडोज अपडेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण होऊ द्या, त्याच्या आधी कुठलाच आकडा खरा मानू नका, पहिले काही तास मागे काही ना काही डाउनलोड चालूच असतं. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी, तिथे स्लॉट्स यूज्ड समोर २ पैकी १ दिसायला हवं, म्हणजे दुसरा खरंच रिकामा. स्क्रीनवर पूर्ण काळं चित्र लावा, खोलीत अंधार करा, कडेने थोडा उजेड झिरपणं आयपीएस प्रकारच्या स्क्रीनमध्ये असतंच, पण एखाद्या कोपऱ्यात पिवळट ढग दिसला किंवा मेलेला पिक्सेल दिसला तर लगेच फोटो काढून ठेवा. कीबोर्डवरची प्रत्येक की दाबा, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा, कॅमेरा आणि माइक एका कॉलवर. हे कंटाळवाणं आहे पण आत्ताच करायचं.

अर्धा_वॉट

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघड, मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर समोर ७५ लिहिलेलं दिसायला हवं. कमी दिसलं तर आधी कंपनीच्या ॲपमध्ये सायलेंट मोड आहे का बघ, परफॉर्मन्सवर टाकून परत बघ. मग अर्धा तास सलग गेम, तापमान दाखवणारं काहीतरी बाजूला चालू ठेवून. प्रोसेसर ९० च्या वर गेला म्हणून घाबरू नको, या चिप १०० पर्यंत जायलाच बनवलेल्या आहेत, कार्ड ८७ च्या आसपास स्वतःला आवरतं. प्रश्न तेव्हा जेव्हा एफपीएस मधेच खाली कोसळतात आणि परत वर येतात, करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ दिसला की परत पाठवायचा विचार कर.

आणि बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाक, ॲपमध्ये असते ती सोय, संध्याकाळी चार्जर लावूनच खेळणार आहेस ना. ज्या दिवशी बाहेर जास्त वेळ आहे त्या दिवशी तेवढी काढ.

रात्रपाळी_गेमर

आणि व्हॅलोरंटमध्ये एफपीएस १४४ ला कॅप कर, उगाच ३०० काढत बसलं की पंखा खोलीभर ओरडतो. तुझा रँक काय? आमच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे.

आळशी_कीबोर्ड

रँक विचारू नका, आत्तापर्यंत ३० एफपीएसवर खेळत होते, आता कारणच उरणार नाही सांगायला. लॅपटॉप आला की अर्धा_वॉट यांनी सांगितलेला ग्राफ इथेच टाकते, दात्यांसारखा आहे की नाही ते तुम्हीच बघून सांगा.